कान्ह नदीच्या काळजीने गोळी चुकवायची का?

पत्र: आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. डोकं जड होणं, तळपायांची आग असं सुरू झालं म्हणून रक्त तपासलं, तर प्लेटलेट नऊ लाखांवर. पुढच्या तपासणीत जॅक-२ पॉझिटिव्ह आलं. डॉक्टरांनी ॲस्पिरिन आणि हायड्रॉक्सीयुरिया ५०० च्या रोज दोन कॅप्सूल दिल्या. आकडा साडेचार लाखांच्या आत आल्यावर एक केली. कॅप्सूल त्यांना गिळवत नाही म्हणून मी उघडून मधात कालवून देते. सगळं सुरळीत होतं. मग दवा बाजारात एकाने सांगितलं, ‘ये तो कैंसर की दवाई है’. शेजारचे काका नदी वाचवण्याच्या कामात असतात. ते म्हणाले की असली औषधं लघवीतून ड्रेनेजमध्ये आणि तिथून कान्हमध्ये जातात, सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटमध्येही निघत नाहीत. त्यात माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आली आहे, सातवा महिना आहे, आणि घरात संडास-बाथरूम एकच. आता कळलं की आई कॅप्सूल एक दिवसाआड घेताहेत. म्हणतात, ‘माझं वय झालं, माझ्यापायी नातीच्या बाळाला आणि नदीला विष कशाला?’ जुन्या डोसच्या चार पट्ट्या उरल्या आहेत, शिवाय दोन वर्षांपूर्वी गेलेल्या सासऱ्यांच्या, रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनच्याही आहेत. व्हॉट्सॲपवर आलंय की उरलेली औषधं संडासात टाकून पाणी सोडावं, सरकारनेच सांगितलंय. काय करू?

उत्तर:

ताई,

पहिलं काम आजच करा. आईंच्या रक्ताच्या डॉक्टरांना फोन करून सांगा की कॅप्सूल एक दिवसाआड चालली आहे. कधीपासून, हे आईंकडून गोडीगुलाबीने काढून घ्या; चिडलात तर त्या दिवस कमी करून सांगतील. चुकलेला डोस भरून काढायचा म्हणून एकदम दोन कॅप्सूल देऊ नका. डॉक्टर बहुधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायला लावतील आणि आकडा बघून ठरवतील. नदी, प्लांट, पट्ट्या हे सगळं त्याच्यानंतर.

एवढी घाई कशासाठी, तर आईंच्या आजारात प्लेटलेटचा आकडा ही नुसती रिपोर्टातली ओळ नसते. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा इसेन्शियल थ्रॉम्बोसायथीमिया दिसतो. मज्जारज्जूत नव्हे, हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, रक्तपेशी बनतात. तिथल्या एका पेशीत बिघाड होतो आणि प्लेटलेट गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनत राहतात. जॅक-२ या जनुकातला तो बदल २००५ साली सापडला आणि या आजाराच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत तो दिसतो. प्लेटलेट वाढल्या की रक्तात गुठळी होण्याची भीती असते. ती मेंदूत गेली तर पक्षाघात, हृदयात गेली तर झटका. साठी ओलांडलेला रुग्ण जास्त जोखमीचा धरतात, आणि आई एकाहत्तरच्या आहेत. इटलीत बेर्गामोच्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अशाच जोखमीचे ११४ रुग्ण होते. साधारण सव्वादोन वर्षांत हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्या ५६ जणांपैकी दोघांना गुठळीचा त्रास झाला. न घेणाऱ्या ५८ जणांपैकी १४ जणांना झाला. आई ‘माझं वय झालं’ म्हणून गोळी सोडताहेत, पण या आजारात वय झालं म्हणूनच गोळी लागते. हे त्यांना सांगा. आणि हेही सांगा की पक्षाघात झालाच तर माणूस सहसा पटकन सुटत नाही, अंथरुणावर पडतो. मग नातीच्या बाळंतपणात तुम्हाला दोघींचं करावं लागेल. थोडं कठोर वाटेल, पण ज्या पिढीला आपला कुणाला त्रास नको असतो तिला हेच पटतं.

तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली, एका बाजूचा हात लुळा पडला, छातीत दाटून आलं, एकच पाय सुजला, यांतलं काहीही दिसलं तर फोनाफोनी करत न बसता सरळ इस्पितळ गाठा.

दवा बाजारातला माणूस खोटं बोलला नाही, अर्धं बोलला. हायड्रॉक्सीयुरिया पेशींची वाढ रोखतं, कॅन्सरच्या काही प्रकारांत वापरतात, आणि आईंचा आजारही आता पुस्तकात हाडांच्या मगजातल्या, रक्ताच्या संथ कॅन्सरांच्या घरातच नोंदतात. पण यातले बरेच रुग्ण गोळीवर वर्षानुवर्षं नीट जगतात. हीच कॅप्सूल सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांनाही देतात. तिथे ती गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन वाढवते, दुखण्याचे झटके कमी करते. आपल्या पश्चिमेला झाबुआ, अलिराजपूर, धार, बडवानीच्या आदिवासी वस्त्यांत सिकल सेल पुष्कळ आहे. पूर्वेकडच्या शहडोलहून १ जुलै २०२३ ला सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, तेव्हापासून गावोगाव तपासण्या चालू आहेत. म्हणजे या भागात हे औषध पुढे वाढत जाणार, आणि ते वाढायलाच हवं. काकांच्या प्रश्नाकडे येताना हे लक्षात ठेवा.

आता ज्या ओळीवर माझी नजर अडकली ती सांगते. तुम्ही सहज लिहून गेलात: उघडून मधात कालवून देते.

हे थांबवा. आजपासून.

तुमच्या पत्रात भीती तीन गोष्टींची आहे, बाथरूम, नदी आणि कॅन्सर हा शब्द. धोका आहे तो तुमच्या ओट्यावर. कॅप्सूलचं कवच फोडलं की आतली पांढरी पूड उडते. तुमच्या बोटांना लागते, वाटीला लागते, श्वासात जाते. ज्या पेशी भराभर वाढतात त्यांचं डीएनए बनणं हे औषध अडवतं, आणि पोटातलं बाळ म्हणजे तर अशाच पेशी. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या औषधाने गर्भात व्यंग आलेलं आहे, म्हणून गरोदर बाईने ही कॅप्सूल हाताळू नये असं वेष्टनातल्या माहितीपत्रातच असतं. तुमची लेक तोच चमचा धुते का, त्याच मधाच्या बरणीत बोट घालते का, हे तुम्हीच आठवून बघा. ती बरणी टाका. वाटी-चमचा हातमोजे घालून साबणाने दोनदा धुवा आणि आईंसाठी वेगळा ठेवा. ओटा ओल्या फडक्याने पुसा, कोरड्याने झटकू नका, आणि ते फडकं फेकून द्या. आतापर्यंत जे झालं त्याबद्दल लेकीच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना एकदा सांगून ठेवा. सातव्या महिन्यात बाळाचे अवयव घडून झालेले असतात, तेव्हा घाबरण्याचं कारण नाही, पण त्यांना ठाऊक असलेलं बरं.

मग गिळायची कशी? बहुतेक म्हातारी माणसं गोळी गिळताना मान मागे टाकतात. टॅब्लेटसाठी ते चालतं. कॅप्सूल हलकी असते, पाण्यावर तरंगते, आणि मान मागे टाकली की ती पुढे, जिभेच्या शेंड्याकडे येते. आईंना ताठ बसवा, आधी घोटभर पाणी पिऊ द्या, कॅप्सूल जिभेवर ठेवून दुसरा घोट तोंडात घेतला की हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला सांगा. कॅप्सूल मागे सरकते आणि पाण्याबरोबर जाते. आधी दोन-चार वेळा नुसत्या पाण्यावर सराव करू द्या. तरीही जमलं नाही तर डॉक्टरांना विचारा की दुसऱ्या रूपात किंवा दुसरं औषध देता येईल का. आईंनी स्वतःच्या हाताने पट्टीतून काढून तोंडात टाकली तर उत्तम, मग हात धुवायचे. काढून तुम्ही देणार असाल तर साधे वापरून फेकायचे हातमोजे घाला. लेकीने त्या पट्टीला हात लावायचा नाही. एवढं पाळलं की ओट्यावरचा धोका संपला.

बाथरूमचं फार मनाला लावून घेऊ नका. हे औषध शरीरात रेंगाळत नाही. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं निम्मं उतरायला लागणारा वेळ, साधारण दोन ते चार तास. जे न बदललेलं बाहेर पडतं ते लघवीतून. एका संडासातून ते लेकीच्या अंगात शिरेल असं काही नसतं, स्पर्श टाळला म्हणजे झालं. आई जाऊन आल्या की भरपूर पाणी ओतायचं, कमोड असेल तर झाकण पाडून दोनदा फ्लश. सीट आणि भोवतालची फरशी रोज धुवायची, ती तुम्ही धुवायची, लेकीने नाही. कपड्यांना लघवी लागली असेल तर ते हातमोज्यांनी वेगळे धुवायचे. आईंनी नातीच्या जवळ बसायचं, पोटावरून हात फिरवायचा, तिच्या ताटातलं खायचं, यातलं काहीही बंद करू नका. अशी बंधनं घालून पेशंटला घरातच परकं करतात लोक, आणि मग पेशंट आपणहून गोळी सोडतो. तुमच्याकडे हेच झालेलं दिसतं.

आता काकांचं म्हणणं. माणूस बरोबर बोलतोय, फक्त चुकीच्या माणसाशी.

तुमच्या बाथरूममधलं पाणी ड्रेनेजच्या पाइपातून प्लांटला जातं. इंदूरचा सगळ्यात मोठा कबीटखेडीचा, त्याची क्षमता दिवसाला २४५ दशलक्ष लिटर, म्हणजे साडेचोवीस कोटी लिटर. तिथे मोठमोठ्या टाक्यांत हवा सोडतात, जिवाणू वाढवतात आणि ते जिवाणू पाण्यातला मळ खातात. मग हवा बंद करायची, गाळ तळाशी बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी काढून घ्यायचं. यातलं काही पाणी बागांना जातं, उरलेलं कान्हमध्ये. कान्ह सांवेरवरून पुढे उज्जैनजवळ शिप्रेला मिळते. २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’, म्हणजे सांडपाणी साफ केल्याशिवाय बाहेर न सोडणारं, शहर ठरलं ते याच कामामुळे, आणि नाल्यांची आधीची अवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्याचं मोल कळतं. पण प्लांट बांधला तो मळ काढायला. सोडलेलं पाणी कसं तपासायचं याचे आपल्याकडचे निकष बघा: सेंद्रिय मळ, तरंगणारे कण, विष्ठेतले जिवाणू. त्यात एकाही औषधाचं नाव नाही. जे मोजायचंच नाही ते कुणी काढत नाही.

तरी काही औषधं आपोआप निघतात. पॅरासिटॅमॉल जिवाणू सहज खातात. फिटांचं कार्बामाझेपिन मात्र जसं येतं जवळजवळ तसंच बाहेर पडतं, जगभरच्या नद्यांत ते सापडतं. रक्ताच्या औषधांतही सगळी एका माळेची नाहीत. रक्ताच्या कॅन्सरची इमॅटिनिब मोठ्या रेणूची, बरीचशी शौचावाटे जाते आणि गाळाला चिकटणारी. थॅलेसेमियाच्या मुलांना लोह काढायला देतात ती डेफेरासिरॉक्सही मुख्यतः शौचावाटेच. रक्त पातळ करणाऱ्या रिव्हारोक्सबॅनचा सुमारे एक तृतीयांश भाग जसाच्या तसा लघवीतून येतो. आईंचं हायड्रॉक्सीयुरिया तर इवलासा रेणू, वजन फक्त ७६, पाण्यात पूर्ण विरघळणारा. असा रेणू गाळाला धरत नाही, कोळशाच्या फिल्टरलाही नीट धरत नाही. म्हणून ‘एक फिल्टर लावा, सगळं निघेल’ असं कुणी म्हणालं तर विचारायचं, कुठलं औषध?

आईंचा वाटा किती, तो हिशेब त्यांच्यासमोर कागदावर मांडा. जुन्या पिढीला आकडेमोड आवडते. कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची. शरीर त्यातला मोठा भाग मोडून टाकतं. सोपं पडावं म्हणून निम्मा लघवीतून जातो असं धरू, खरं तर त्याहून थोडा कमीच जातो. म्हणजे रोज २५० मिलिग्रॅम. तुमच्या भागाचं पाणी कुठल्याही प्लांटला जात असो, कबीटखेडीच्या साडेचोवीस कोटी लिटरने भागा. एका लिटरमागे एक नॅनोग्रॅम येतो, ग्रॅमचा एक अब्जांश. आता तुमच्या त्या चार पट्ट्या घ्या. दहाच्या पट्ट्या असतील तर चाळीस कॅप्सूल, वीस ग्रॅम औषध. व्हॉट्सॲपचं ऐकून ते संडासात ओतलंत तर आईंच्या ऐंशी दिवसांच्या लघवीतून जेवढं गेलं असतं तेवढं एका दुपारी गेलं, आणि कुणाचा जीव न वाचवता गेलं.

नॅनोग्रॅम म्हणजे काहीच नाही असंही समजू नका. कॅनडात ओंटारिओमधल्या प्रयोगाच्या एका तळ्यात संशोधकांनी गर्भनिरोधक गोळीतलं हार्मोन लिटरमागे जेमतेम पाच-सहा नॅनोग्रॅम इतकंच सोडलं होतं. तिथली एका जातीच्या छोट्या माशांची वस्ती जवळजवळ संपली. तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. हायड्रॉक्सीयुरिया हार्मोन नाही, तेव्हा तोच निष्कर्ष इथे चिकटवता येत नाही. पण शहरात एक पेशंट नसतो, हजारो असतात, प्रत्येकाचं औषध वेगळं असतं, आणि ते सगळं एकाच नाल्यात येतं. २०२२ मध्ये १०४ देशांतल्या २५८ नद्यांचं पाणी औषधांसाठी तपासलं गेलं; जिथून नमुने घेतले त्यांतल्या साधारण चौथाई ठिकाणी कुठल्या ना कुठल्या औषधाचं प्रमाण पाण्यातल्या जिवांना सुरक्षित मानलेल्या पातळीच्या वर निघालं. काका उगाच डोकं पिकवत नाहीत.

फक्त यावर उपाय पेशंटने गोळी सोडणं हा नाही. तो प्लांटवर करायचा असतो, आणि काही ठिकाणी होतोही आहे. नेहमीच्या सफाईनंतर आणखी एक टप्पा घालतात: ओझोन वायू पाण्यात सोडून रेणू तोडायचे किंवा सक्रिय कोळशावर शोषून घ्यायचे, कधी दोन्ही. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक मोठ्या प्लांटना हे बंधनकारक केलं. युरोपीय संघाने २०२४ मध्ये नवा कायदा केला. त्यात या टप्प्याच्या खर्चाचा किमान ८० टक्के भार औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकला आहे, पेशंटवर नाही. कंपन्या त्यावर भांडताहेत, ते अपेक्षितच. आपल्याकडे जानेवारी २०२० मध्ये औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात अँटिबायोटिकची मर्यादा घालणारा मसुदा निघाला होता. ऑगस्ट २०२१ ला नियम आले तेव्हा त्या मर्यादा गायब होत्या. आणि कारखाना म्हणजे काय ते पाहायचं तर हैदराबादजवळचं पाटनचेरू आठवा. तिथल्या औषध कारखान्यांचं पाणी स्वच्छ करणाऱ्या प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्वीडनच्या संशोधकांना लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडलं, २००७ साली. मिलिग्रॅम, नॅनोग्रॅम नव्हे. गोळी घेणाऱ्याच्या रक्तातही एवढं नसतं.

इंदूरची एक गोष्ट काकांना जरूर विचारा. २०२८ च्या सिंहस्थासाठी कान्हचं पाणी उज्जैनच्या घाटांना वळसा घालून बंद नळीतून पुढे नेण्याचं काम चाललं आहे. घाटावर नाहणाऱ्यांसाठी ते ठीक. पण नळीत घातलं म्हणून पाण्यातलं औषध जात नाही, ते पुढच्या गावाला जातं. पाणी वळवणं आणि स्वच्छ करणं यांत जे अंतर आहे, त्यावर काकांसारख्यांनी बोलायला हवं. बाकी आईंना एवढं सांगा की तुमच्या नळाला येतं ते नर्मदेचं, जलूदहून डोंगर चढवून आणलेलं. त्यांची लघवी फिरून नातीच्या पेल्यात येत नाही.

आता पट्ट्यांचं. हायड्रॉक्सीयुरियाच्या चार पट्ट्या टाकायच्या कशाला? औषध तेच, ताकद तीच. मुदत बघा, ती संपायची असेल आणि पट्टी फाटलेली नसेल, कॅप्सूल चिकट किंवा मऊ पडलेली नसेल, तर डॉक्टरांना विचारून आधी त्याच वापरा आणि तेवढे दिवस नवीन घेऊ नका. या औषधाला दमट हवा मानवत नाही, तेव्हा बाथरूमच्या कपाटात किंवा फ्रीजवर न ठेवता कोरड्या डब्यात ठेवा, लेकीच्या हाताला लागणार नाही अशा जागी. पुढच्या वेळी डोस बदलायची शक्यता असेल तेव्हा पंधरा दिवसांचंच औषध घ्या. तीन महिन्यांचं एकदम घेतल्याने मिळणारी सूट अशा औषधात महाग पडते.

मुदत संपली असेल तर कॅप्सूल पट्टीतून काढू नका, पट्टीसकट झाकणाच्या डब्यात घाला. आई जिथे दाखवतात त्या इस्पितळात विचारा की पेशींवर काम करणारं औषध आहे, तुमच्या कचऱ्यात घ्याल का. इस्पितळांना २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे अशी औषधं पिवळ्या पिशवीत वेगळी ठेवून १२०० अंश सेल्सिअसच्या वर जाळण्यासाठी पाठवावी लागतात, किंवा पुरवणाऱ्याला परत करावी लागतात. तो नियम घराला लागू नाही, म्हणून ते नाही म्हणू शकतात. म्हणाले तर वाद घालू नका. त्याच साली आलेल्या घनकचऱ्याच्या नियमांत मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली होती, आणि आपल्या निगमच्या गाडीला त्याचा वेगळा कप्पा असतो, बॅटऱ्या-ट्यूबलाइट टाकतो तोच. डब्यावर ‘मुदत संपलेली औषधं’ असं हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहून गाडीवरच्या भैयाच्या हातात द्या आणि तो कुठल्या कप्प्यात टाकतो ते उभं राहून बघा. घाईत तो सुक्यात टाकतो, हे इंदूरात कुणाला सांगायला नको.

सासऱ्यांची वॉर्फरिनही तशीच द्या. ती कुणाला ‘कामी येईल’ म्हणून देऊ नका. या औषधाचा डोस प्रत्येकाचा वेगळा, रक्त तपासून ठरवलेला. हे आधी उंदीर मारायला वापरत आणि नंतर माणसांच्या उपचारात आलं, एवढं सांगितलं तरी मागणारा मागे सरेल. आईंच्या ॲस्पिरिनच्या शेजारी ती पट्टी राहिली आणि चष्मा नसताना त्यांनी चुकून घेतली, तर रक्तस्राव थांबवणं अवघड होईल. ती आधी हलवा.

व्हॉट्सॲपवरचा मजकूर साफ खोटा नाही, म्हणूनच तो फसवतो. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने मे २०२५ मध्ये उरलेल्या औषधांच्या विल्हेवाटीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात १७ औषधं फ्लश करावीत असं म्हटलं आहे. ती कुठली? मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल, डायझेपाम अशी. घरातल्या मुलाच्या हाती लागली किंवा कुणी नशेसाठी उचलली तर एकाच मात्रेत जीव जाऊ शकतो, म्हणून नदीपेक्षा घरातला धोका मोठा मानून त्यांच्यापुरता तो अपवाद केला. हायड्रॉक्सीयुरिया त्या यादीत नाही. वॉर्फरिन नाही. तुमच्या कपाटातलं बहुतेक काहीच नसेल. ग्रुपवर हे लिहा, काकांचं नाव घालून लिहा, त्यांना बरं वाटेल.

काकांना घरी बोलवा आणि हे आईंच्या समोर बोलून घ्या. त्यांच्या तोंडून आईंना ऐकू द्या की गोळी सोडू नका. तुमच्या सांगण्याला आई ‘सून काळजीपोटी म्हणते’ म्हणतील. ज्याने भीती घातली त्याने ती काढली तर उतरेल. काकांना करायला काम आहेच. केरळात औषध नियंत्रण विभागाने २०२५ मध्ये कोझिकोडपासून घरातली जुनी औषधं गोळा करण्याची मोहीम सुरू केली. इंदूर सहा प्रकारचा कचरा वेगळा करतं आणि त्याचा टेंभा मिरवतं, तर लोकमान्य नगरातल्या दोन-तीन औषधांच्या दुकानांत जुन्या औषधांचा डबा ठेवून तो निगमकडे पोहोचवणं काही अवघड नाही. नगरसेवकाकडे जाताना आईंनाच बरोबर न्या, तोवर सीबीसी ठीक आलं असेल.

सीबीसीच्या दिवशी डॉक्टरांना आणखी दोन गोष्टी दाखवा, पत्रात त्यांचा उल्लेख नाही म्हणून सांगते. या औषधाने नखांवर काळपट रेषा येतात. दिसायला वाईट, पण त्रासाच्या नाहीत. घोट्याजवळ जखम झाली असेल आणि भरत नसेल, किंवा तोंड सारखं येत असेल, तर मात्र ते पुढच्या भेटीपर्यंत ठेवू नका. आईंना साडी थोडी वर करून दोन्ही घोटे दाखवायला सांगा, त्या आपणहून दाखवणार नाहीत.